लाडाची नावे आणि इंग्रजी शब्द



परप्रांतात आपण आडनावाने ओळखले जातो. घरातला 'बंड्या' आणि घरातली 'छबू' उंबऱ्याच्या आतच राहतात. इंग्रजांच्या घरातली अशी काही नावे मात्र उंबरा ओलांडून थेट शब्दकोशात जाऊन बसली. खुद्द 'निकनेम' हा शब्दही ऐकण्याच्या घोटाळ्यातून जन्मला. 'ईक' म्हणजे जोडीचे, म्हणून 'ईकनेम'; पण 'अॅन ईकनेम' म्हणता म्हणता 'न' पुढच्या शब्दाला चिकटला तो कायमचा.

बाहुलीला ते 'डॉल' म्हणतात. हे मूळचे डोरोथीचे लाडके रूप. 'र'चा 'ल' करण्याची त्यांची खोडच आहे: हॅरीचा हॅल, मेरीची मॉल, तशी डोरोथीची डॉल. शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री'मध्ये राजपुत्र हॅल भेटतो, डॉल नावाची बाईही भेटते; पण ती बाहुली नव्हे, चांगली हाडामांसाची, आणि जरा बाजारूच. त्या काळी खेळण्यातल्या बाहुलीला इंग्रज 'बेबी' म्हणत. 'डॉल'ला बाहुलीचा अर्थ आला तो १७०० च्या सुमारास. आपल्याकडेही लाकडी बाहुली ती 'ठकी', आणि ठकी नावाच्या आजीही आपल्यापैकी अनेकांच्या ऐकिवात असतील.

पाखरांनाही हा लाड लाभला. लॅटिन 'पिका'वरून आलेल्या 'पाय' या पक्ष्याला मार्गारेटचे 'मॅग' लागून 'मॅगपाय' झाला. तांबड्या छातीचा 'रेडब्रेस्ट' रॉबर्टचे 'रॉबिन' घेऊन मिरवू लागला आणि पुढे आडनाव गळून नुसता रॉबिन उरला. आपला पिंजऱ्यातला राघू त्याचाच भाऊबंद. बोका पूर्वी गिल्बर्टचा 'गिब' होता. १७६० साली टॉम नावाच्या बोक्याची कथा छापली गेली आणि पुढे 'टॉमकॅट' रूढ झाला.

पण सर्वांत अधिक राबला तो जॉनचा 'जॅक'. हे रूप इतके सर्रास झाले की जॅक म्हणजे कोणीही सोम्यागोम्या. मग हरकाम्या पोऱ्या. आणि त्या पोऱ्याचे काम करणारे साधनही जॅकच. बूट ओढून काढणारे, मांस भाजण्याची सळई फिरविणारे, आणि आता मोटार उचलणारे. येथे लाड संपून हुकूम सुरू झाला, असे आम्हांस वाटते. मात्र इंग्रजांना हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. मुंबईच्या पांढरपेशा घरांतून कोकणातल्या घरगड्याला सरसकट 'रामा' म्हणत. त्याचे नाव धोंडू की गणपत, हे पुष्कळ घरांनी कधी विचारले नाही. मग त्याची आई त्याला कोणत्या नावाने हाक मारी, हे कोण विचारणार?

उलट दिशेचा प्रवासही आपण केला आहे. इंग्रजांनी बाहुलीवरून काढून घेतलेला 'बेबी' हा शब्द आपण घरात आणला आणि लेकीला दिला. तिची पुढे बेबीताई झाली, मग बेबीआत्या. सत्तरी उलटली तरी ती बेबीच आहे, आणि लग्नपत्रिका छापायची वेळ आली की तिचे खरे नाव काय, हे विचारायला देशी पत्र घालावे लागे.