परक्यांच्या कपाटातील आपला ठेवा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेले)



आपल्या कार्यकारी मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न आम्हांस पडला. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे आणि राजकारणपटूही नव्हे. मॅट्रिकची परीक्षा देऊन खेड्यापाड्यांतील शाळांत सदतीस वर्षे खडू झिजविलेले आम्ही एक सामान्य शिक्षक. परंतु वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावयाचे आणि जगात जे घडते त्याचा आपल्या घराशी काय संबंध पोहोचतो हे मुलांना समजावून द्यावयाचे, ही खोड सेवानिवृत्तीनंतरही सुटलेली नाही. आजचा विषय मात्र आम्हांस आमच्या नातवाने दिला.

२०२४ च्या जुलै महिन्यात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्यास आली, हे आपणां सर्वांस विदित आहेच. आम्हीही नातवाचा हात धरून रांगेत उभे राहिलो. काचेच्या पेटीपुढे पोहोचल्यावर ही वाघनखे तीन वर्षांच्या करारावर आली आहेत आणि मुदत संपताच लंडनला परत जावयाची आहेत, असे आम्ही त्यास सांगितले. त्यावर तो म्हणाला, "आजोबा, ही आपली आहेत तर परत का द्यायची? आणि त्यांची आहेत तर आपण एवढी गर्दी का केली?"

शाळेत असताना आम्ही अनेक अवघड प्रश्नांना तोंड दिले. ह्या प्रश्नापुढे मात्र आम्ही गप्प झालो. ते उत्तर आज आपणांपुढे मांडण्याचा यत्न करतो.

प्रथम सत्य सांगितले पाहिजे. ही वाघनखे ग्रँट डफ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याकडे होती. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर तो साताऱ्यास पोलिटिकल एजंट म्हणून आला व पुढे १८२६ साली त्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला. त्याच्या वंशजांकडून ती संग्रहालयात गेली. शिवछत्रपतींनी १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी वापरलेली ती हीच, अशी खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालयच सांगते. काही मंडळींस हे ऐकून राग येतो. आम्हांस येत नाही. प्रतापगडाचा पराक्रम एका पोलादी नखावर अवलंबून नाही. ज्या अभिमानास सत्याची भीती वाटते तो फार काळ टिकत नसतो.

पण म्हणून साहेबाचा दावा खरा ठरतो काय? मुळीच नाही. परक्यांच्या कपाटांत आपला जो ठेवा पडला आहे, त्याविषयी पाश्चात्त्य राष्ट्रांची तीन उत्तरे ठरलेली आहेत. आम्ही ती एकेक तपासून पाहू.

पहिले उत्तर असे, की ह्या वस्तू आम्हांस रीतसर मिळाल्या. कोहिनूर हिऱ्याचेच उदाहरण घ्या. १८४९ साली पंजाबचे राज्य खालसा झाले आणि लाहोरच्या तहात तो हिरा इंग्लंडच्या राणीस देण्याचे कलम घालण्यात आले. त्या तहाच्या वेळी महाराजा दुलीपसिंगाचे वय अवघे दहा वर्षांचे होते. राज्य गेलेले, आई दूर ठेवलेली, सभोवार परक्यांची फौज! अशा दहा वर्षांच्या मुलाने दिलेल्या वस्तूस भेट म्हणावयाचे असेल, तर दरोडेखोरापुढे काढून ठेवलेल्या दागिन्यांसही अहेर म्हणावे लागेल. खेदाची गोष्ट ही, की २०१६ साली आपल्याच सर्वोच्च न्यायालयात सरकारी वकिलांनी हा हिरा बळाने नेलेला नव्हे असे सांगितले. देशभर गहजब झाल्यावर, तो सामोपचाराने परत आणण्याचे सर्व प्रयत्न करू, असा खुलासा सरकारला करावा लागला. घरचाच माणूस चोराची बाजू मांडू लागला तर बाहेरच्यास काय दोष द्यावा?

दुसरे उत्तर असे, की आम्ही ह्या वस्तू सांभाळल्या. तुमच्याकडे त्या नष्ट झाल्या असत्या. ह्या उत्तराचा समाचार घेण्यास आपल्या अजिंठ्यासारखा साक्षीदार नाही. रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून कित्येक वर्षे खपून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनला पाठविल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक जळून गेल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून १८७२ पासून पुन्हा नकला करविल्या. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टन येथील आगीत त्यांतील पुष्कळ भस्मसात झाल्या. सुरक्षित म्हणविणाऱ्या लंडनमध्ये नकला दोन वेळा जळाल्या आणि असुरक्षित म्हणविणाऱ्या डोंगरातील मूळ चित्रे आजही आपल्या जागी आहेत! ही झाली जुनी गोष्ट. परंतु २०२३ साली ब्रिटिश म्युझियममधूनच सुमारे दोन हजार वस्तू गहाळ, चोरीस गेलेल्या वा खराब झालेल्या आढळल्या आणि संग्रहालयाच्या संचालकांस पद सोडावे लागले. तेव्हा सांभाळण्याचा मक्ता कोणा एकाच गोऱ्या हातांकडे आहे, हे म्हणणे आता कोणी करू नये.

तिसरे उत्तर सर्वांत गोड आहे. कला ही अखिल मानवजातीची असते, म्हणून ती आमच्या संग्रहालयात जगाला पाहावयास मिळते, असे ते म्हणतात. तत्त्व उदात्त आहे. पण अखिल मानवजातीच्या वस्तू नेमक्या लंडन, पॅरिस आणि बर्लिन येथेच का राहाव्यात? मुंबई, कैरो किंवा लेगोस येथे का नकोत? ग्रीसच्या पार्थेनॉन मंदिरावरील शिल्पे एल्गिन नावाच्या सरदाराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उतरवून नेली. ती ठेवण्यास तुमच्याकडे जागा कोठे आहे, असा टोमणा ग्रीकांस मारला जाई. २००९ साली त्या लोकांनी अथेन्समध्ये नवे संग्रहालय उभारले व टोमण्याला उत्तर दिले. शिल्पांची मागणी मात्र त्यानंतरही लंडनने मान्य केली नाही. उलट जर्मनीने आफ्रिकेतील बेनिन राज्याच्या ब्राँझ मूर्तींची मालकी नायजेरियास देण्याचे २०२२ साली मान्य करून त्याच वर्षी वीस वस्तू परत केल्या. त्या मूर्ती १८९७ साली इंग्रजी फौजेने लुटून नेल्या होत्या. फ्रान्सनेही २०२१ साली आफ्रिकेतील बेनिन ह्या देशास सव्वीस वस्तू परत दिल्या. म्हणजे मनात आले तर देता येते, हे सिद्ध झाले. जे देत नाहीत ते कायद्याकडे बोट दाखवितात. पण तो कायदा त्यांच्याच पार्लमेंटने केलेला आहे.

आता आपल्या देशाने काय केले ते पाहू. १९७६ साली तामिळनाडूतील पत्तूर गावी जमिनीत नटराजाची पुरातन मूर्ती सापडली. ती चोरवाटेने लंडनला पोहोचली. भारताने तेथील न्यायालयात दावा लावला आणि त्या दाव्यात प्रत्यक्ष त्या पडक्या देवळाच्या वतीने मागणी मांडण्यात आली. इंग्रजी न्यायालयाने ती मान्य केली व १९९१ साली नटराज मायदेशी परत आला. ज्या राष्ट्राने दीडशे वर्षे आपल्याला कायदा शिकविण्याचा आव आणला, त्याच्याच न्यायासनापुढे आपल्या देवाने दावा जिंकला, ह्याचा अभिमान आम्हांस वाटतो. त्यानंतर ओघ वाढला. २०१४ साली ऑस्ट्रेलियाने श्रीपुरंतनच्या देवळातून चोरीस गेलेला नटराज परत केला. २०२४ साली अमेरिकेने २९७ पुरातन वस्तू भारताच्या स्वाधीन केल्या.

२०२५ साल तर ह्या बाबतीत फारच गाजले. उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथे १८९८ साली पेपे नावाच्या इंग्रज जमीनदाराने स्तूप खणला. त्यात भगवान बुद्धांच्या अस्थी आणि त्यांसमवेत ठेवलेली रत्ने निघाली. त्यांपैकी काही रत्ने त्याच्या घराण्याकडे राहिली आणि ती २०२५ च्या मे महिन्यात हाँगकाँग येथे लिलावास निघाली. भारत सरकारने नोटीस बजावल्यावर लिलाव थांबला व जुलैमध्ये एका भारतीय उद्योगसमूहाच्या साहाय्याने ती रत्ने स्वदेशी परतली. त्याच वर्षी नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावात महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपयांस घेतली. आपलीच वस्तू आपण विकत घ्यावी काय, असे पुष्कळांनी विचारले. आम्हांसही ते टोचले. परंतु आई दुसऱ्याच्या दारी अडकली असता भाड्याचा हिशेब घालीत बसणारा मुलगा आम्हांस अधिक टोचेल.

बंधुभगिनींनो, येथपर्यंत आपण टाळ्या वाजविल्या. आता जे सांगावयाचे आहे त्यास टाळ्या मिळणार नाहीत, हे आम्ही जाणून आहोत.

ज्या १८९८ साली पेपे साहेब पिप्रहव्यास रत्ने काढीत होता, त्याच वर्षी इतिहासाचार्य राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढे असे बावीस खंड निघाले. त्यांच्यामागे सरकार नव्हते, पैसा नव्हता. गावोगाव पायपीट करावी, वाड्यांच्या माळ्यावर चढावे, वाळवीने खाल्लेली दप्तरे उलगडावीत, असा त्यांचा क्रम होता. १९१० साली त्यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. परक्याच्या हाती जाण्यापूर्वीच हा ठेवा वाचवावा, ही त्यांची तळमळ होती. त्या महाराष्ट्रात पुढे काय घडले? २००४ सालच्या जानेवारीत पुण्याच्या भांडारकर संस्थेत जमाव घुसला आणि त्याने ग्रंथांची व हस्तलिखितांची नासधूस केली. तेथे कोणी एल्गिन आला नव्हता. २०२५ च्या जुलैमध्ये शिवकालीन बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हा आपण पेढे वाटले. आणि त्याच किल्ल्यांच्या तटांवर खिळ्याने आपली नावे कोरणारी पोरेही आपलीच आहेत.

दुसऱ्यास बोल लावून आम्ही स्वतः मोकळे होत नाही. १९८१ साली आमचे तीर्थरूप वारले. ते मोडी वाचीत असत; आम्हांस ती लिपी येत नव्हती व शिकण्याची बुद्धीही झाली नाही. १९८३ साली धाकट्या बहिणीचे लग्न निघाले, म्हणून घर झाडावयास काढले. माळ्यावर तांबड्या फडक्यात बांधलेले कागदांचे पाच रुमाल निघाले. कुबट वास, कसर लागलेली. आमच्या मातोश्री म्हणाल्या, "अरे, तुझ्या बाबांनी जपलं होतं, कोणाला तरी दाखव." आम्ही त्या वेळी पाच वर्षे नोकरी झालेले मास्तर, आम्हांस वाटले, आपल्याला सर्व कळते. पाहुण्यांच्या आंघोळीसाठी बंब पेटवावयाचा होता. चार दिवस त्या बंबाला सरपणाबरोबर ते कागद पुरले. पाणी छान तापले.

एक कागद मात्र वाचला, कारण तो ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला होता. सेवानिवृत्तीनंतर आम्ही तो एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांस दाखविला. दुष्काळाच्या वर्षी गावाच्या विहिरीचे काम काढले, त्यास कोणत्या घराने किती धान्य व किती गडी दिले, त्याची ती यादी होती. अखेरीस आमच्या पूर्वजाचे नाव आणि त्याच्या शेजारी चार अन्य जातींच्या घरांची नावे, एकाच शाईने, एकाच ओळीत. त्या विहिरीवर आम्ही लहानपणी पाणी भरले. ती कोणी बांधली हे आम्हांस ठाऊक नव्हते. उरलेल्या पाच रुमालांत काय होते, हे आता ईश्वरासच ठाऊक. ग्रँट डफने आमच्या घरातून काहीही नेले नाही. आमचे आम्हीच जाळले.

तेव्हा नातवाच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देतो. बाळा, त्या वस्तू मागण्याचा आपला हक्क खरा आहे आणि तो शेवटपर्यंत मागितला पाहिजे. पण माळ्यावरचे दप्तर जाळून जो लंडनच्या दारावर धडका देतो, त्याची मागणी दुबळी पडते. घरचे राखणाऱ्याच्या शब्दास बाहेर वजन येते.

मंडळापुढे आमच्या तीन नम्र सूचना आहेत. एक, येत्या वर्षात प्रत्येक सभासद कुटुंबाने आपल्या घरातील जुने कागद, पोथ्या, ताम्रपट, भांडी व वंशावळी यांची यादी करून कार्यालयाकडे द्यावी. वस्तू कोणी मागणार नाही, केवळ यादी. दोन, ज्यांची संमती असेल त्यांच्या कागदांची छायाचित्रे काढून एक संच मंडळात ठेवावा व एक एखाद्या संशोधनसंस्थेस द्यावा. तीन, उन्हाळ्याच्या सुटीत मुलांसाठी मोडीचा वर्ग काढावा. ह्या वर्गासाठी आमचे सेवानिवृत्तिवेतनातील एक महिन्याची रक्कम आम्ही आज अध्यक्षांच्या हाती देत आहोत. ती देणगी समजू नये. तो बंबात जळालेल्या कागदांचा दंड आहे. वर्गात पहिल्या बाकावर विद्यार्थी म्हणून आमचेच नाव घालावे.

 घरी गेल्यावर एकदा माळ्यावर दिवा घेऊन चढा, एवढीच प्रार्थना.

जय हिंद! जय महाराष्ट्र!