जुन्या बंदुकीची ओळख आणि तिचे मोल

मुंबईच्या चोरबाजारात, विशेषतः मटन स्ट्रीटवरील जुन्या वस्तूंच्या दुकानांत, पितळी पट्ट्यांनी मढवलेली एखादी ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी गजाने ठासून भरावयाची बंदूक, 'शिवकालीन' म्हणून दाखवली जाते, तेव्हा दिवाणखान्याच्या शोभेसाठी काही घ्यावे म्हणून गेलेल्या ग्राहकाने दुकानदाराच्या कथेकडे नव्हे तर चापाजवळच्या यंत्रणेकडे प्रथम पाहावे. कथा विक्रेत्यागणिक बदलते. बार पेटवण्याची रीत मात्र काळाने ठरवून दिलेली असते.

या रीती मुख्यतः तीन आहेत. तोड्याच्या बंदुकीत जळती जामगी, म्हणजे सोऱ्यात भिजवलेली दोरी, पेल्यातील रंजकावर, म्हणजे बार पेटवण्याच्या बारीक दारूवर, टेकते आणि तो जाळ नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक छिद्रातून, आतील दारूपर्यंत पोहोचतो. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यातील गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पाडते. केपाच्या बंदुकीत घोडा निपलवर, म्हणजे नळीच्या मागील पोकळ बोंडीवर, बसवलेल्या तांब्याच्या टोपीवर, म्हणजे केपवर, आदळतो आणि टोपीतील स्फोटक मसाला पेट घेतो. आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचे पेटंट स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्सिथने १८०७ साली घेतले आणि तांब्याची टोपी त्यानंतर प्रचारात आली. त्यामुळे मुळातच केपासाठी घडवलेली बंदूक १६८० साली निवर्तलेल्या शिवाजी महाराजांच्या काळातील असणे अशक्य आहे. उलट तोडेदार बंदूक दिसली म्हणून ती सतराव्या शतकातील असे मानणेही घाईचे ठरते, कारण हिंदुस्थानातील कारागीर एकोणिसाव्या शतकातही ती घडवत होते.

चापाच्या पट्टीवरील छाप हा पुढचा पुरावा होय. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर प्रारंभी बदामाच्या आकाराचे चिन्ह असे आणि १८०८ च्या सुमारास त्याच्या जागी मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह आला. कंपनीचे राज्य १८५८ मध्ये संपले, तेव्हा सिंह असलेल्या पट्टीचा काळ बऱ्यापैकी आखता येतो. परंतु पट्टी खरी असली तरी बंदूक खरी असेलच असे नाही, कारण जुनी पट्टी नव्या दस्त्यावर सहज बसते, आणि नकलांवर तर उलटी अक्षरेही आढळतात. शिवाय महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठी आग्र्याच्या कारखान्यात युरोपीय धाटणीच्या बंदुका बनत, म्हणून केवळ धाटणीवरून मूळ मालक ठरवणे धोक्याचे आहे. बेल्जियममधील लिएजच्या चाचणीचा लंबगोल छाप नळीवर असेल आणि त्यावर मुकुट असेल, तर ती चाचणी १८९३ नंतरची होय. बर्मिंगहॅमच्या नळीवरील '२५' हा आकडा म्हणजे अनुक्रमांक नव्हे, तर एका पौंड शिशातून त्या नळीच्या मापाच्या किती गोळ्या पडतील त्याची संख्या, म्हणजेच नळीचे माप होय, आणि ते सुमारे ०.५७१ इंच भरते.

मोल ठरवताना पितळेच्या चकाकीला फारसे महत्त्व देऊ नये. एमरी पेपरने घासलेली नळी तिच्यावरील अक्षरांसह आपला इतिहासही गमावते, तर जुना गंज, मूळ गज आणि दस्त्याची न बदललेली लाकडी कड यांना जाणकार अधिक पैसे मोजतात. वस्तू दुर्मीळ आहे की नाही हेही तपासावे लागते. काठमांडूच्या लगन सिलेखान्यातील, म्हणजे जुन्या शस्त्रागारातील, हजारो जुन्या बंदुका २००३ साली अमेरिकन विक्रेत्यांनी विकत घेतल्या आणि त्या मातीने माखलेल्या स्थितीतच किरकोळ ग्राहकांना विकल्या, तेव्हा जुनेपण आणि स्वस्ताई एकत्र नांदू शकतात हे जगाला दिसले.

भारतात मात्र अशी बंदूक घेताना कायदाही पाहावा लागतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ नुसार जुन्या धाटणीचे किंवा पुरातन मोलाचे हत्यार परवान्यातून सुटते ते, दुरुस्ती करूनही त्यातून बार काढता येणार नसेल तरच. कोकणातील एखाद्या घराच्या माळ्यावरची ठासणीची बंदूक तेल घालताच चालू होत असेल, तर ती कितीही जुनी असली तरी शस्त्रच राहते. म्हणून दुकानातील स्वस्त बंदुकीची नळी शिशाने बुजवलेली किंवा कापलेली दिसते, आणि संग्राहकाच्या दृष्टीने जो दोष तोच ग्राहकाला परवान्यातून सुटण्याचा आधार वाटतो, परंतु शिसे वितळवून नळी पुन्हा मोकळी होत असेल तर तो आधारही टिकत नाही. बंदूक शंभर वर्षांहून जुनी असेल, तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार तिच्या विक्रेत्याला व्यवसायाचा परवाना लागतो आणि परदेशातील नातेवाइकाला ती खासगी रीतीने पाठवता येत नाही.