छळ म्हणायचं की 'चौकशीची पद्धत'?

आजचा विषय जरा जड आहे. जेवताना ऐकत असाल तर आधी जेवण उरका, मग प्ले करा.

विषय आहे वॉटरबोर्डिंग. शब्द ऐकून वाटतं, मालवणच्या समुद्रात करतात तसला एखादा वॉटर स्पोर्ट असेल. प्रत्यक्षात काय करतात? माणसाला फळीवर उताणं बांधतात, डोकं खाली आणि पाय वर. तोंडावर फडकं टाकतात आणि त्यावर पाणी ओतत राहतात. ओलं फडकं नाकातोंडाला चिकटतं, श्वास घ्यायला जावं तर हवेऐवजी पाणी. बातम्यांमध्ये याला 'बुडण्याचा आभास' म्हणायचे. अरे, आभास कसला? हवा खरोखरच बंद होते!

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तीन कैद्यांवर हे केल्याचं सीआयएने २००८ मध्ये मान्य केलं. त्यातल्या अबू झुबैदावर ऑगस्ट २००२ मध्ये ८३ वेळा पाणी ओतलं गेलं, खालिद शेख मोहम्मदवर मार्च २००३ मध्ये १८३ वेळा. अमेरिकन सिनेटच्या २०१४ च्या अहवालात लिहिलंय की एकदा झुबैदा पूर्ण निपचित पडला होता आणि त्याच्या तोंडातून बुडबुडे येत होते.

मग हा छळ आहे का? संयुक्त राष्ट्रांचा छळविरोधी करार सरळ सांगतो: माहिती किंवा कबुली काढण्यासाठी सरकारी माणसाने मुद्दाम दिलेली तीव्र शारीरिक किंवा मानसिक वेदना म्हणजे छळ. अमेरिकेने १९९४ मध्ये हा करार अधिकृतपणे स्वीकारला. पण ऑगस्ट २००२ मध्ये तिथल्या न्याय खात्यातल्या वकिलांनी एक मेमो लिहिला. शारीरिक छळ म्हणायचा तर वेदना अवयव निकामी होण्याइतकी किंवा मरणाइतकी हवी, असं त्यात होतं. म्हणजे कृती तीच ठेवली आणि व्याख्याच आक्रसून टाकली.

आणि याआधी अमेरिकेनेच यासाठी लोकांना शिक्षा दिल्या होत्या! युकिओ असानो या जपानी माणसाला दुसऱ्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांच्या छळासाठी १९४७ मध्ये १५ वर्षांची सक्तमजुरी झाली. मारहाणीच्या आरोपांबरोबर पाण्याचा हा प्रकारही त्यात होता. १९८३ मध्ये टेक्सासमधल्या एका शेरीफला कैद्यांकडून असंच पाणी ओतून कबुल्या घेतल्याबद्दल १० वर्षांची शिक्षा झाली.

आता मीडियाकडे येऊ. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी २०१० मध्ये मोठ्या अमेरिकन पेपरांच्या जुन्या बातम्या मोजल्या. १९३० च्या दशकापासून १९९९ पर्यंत न्यूयॉर्क टाइम्सच्या अशा ५४ लेखांपैकी ४४ लेखांनी याला छळ म्हटलं होतं किंवा तसं सुचवलं होतं. २००२ ते २००८ मध्ये? १४३ पैकी फक्त २! आणि खरी गंमत पुढे आहे. त्याच पेपरमध्ये, करणारा दुसरा देश असेल तर ३३ पैकी २८ लेखांत छळ. करणारी अमेरिका असेल तर २०८ पैकी १६.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. फंक्शन तेच आहे, फक्त 'कोणी केलं' हा एक इनपुट बदलला की आउटपुट बदलतोय. असा कोड कोणी रिव्ह्यूला पाठवला तर आपण लगेच बग म्हणू ना?

पेपरचं म्हणणं होतं की यावर राजकीय वाद चालू आहे, 'छळ' म्हटलं तर आम्ही एक बाजू घेतल्यासारखं होईल. वरवर पटतं. पण वाद कोणी सुरू केला? ज्यांनी ते केलं, त्यांनीच. आरोपीने 'हा गुन्हाच नाही' म्हटल्यावर त्याचा शब्द वापरायचा, याला तटस्थपणा कसं म्हणायचं? शेवटी टाइम्सने ऑगस्ट २०१४ मध्ये जाहीर केलं की आता आम्ही 'छळ' लिहू. तोवर १२ वर्षं गेली होती.

टीव्हीवर तर वेगळंच चालू होतं. फॉक्स न्यूजचा शॉन हॅनिटी २००९ मध्ये म्हणाला, मी चॅरिटीसाठी करून घेतो. आजतागायत केलेलं नाही. लेखक ख्रिस्तोफर हिचन्सने मात्र २००८ मध्ये खरंच करून घेतलं. काही सेकंदांत त्याने थांबवायला सांगितलं आणि हा छळच आहे असं लिहिलं. तो इराक युद्धाचा समर्थक होता, हे लक्षात घ्या. त्याच्या हातात थांबवण्याची खूण होती. कैद्याकडे ती नसते.

काही जण म्हणतात, पण त्यातून माहिती मिळाली ना? सिनेटचा अहवाल म्हणतो, उपयोग झाला नाही. सीआयए म्हणते, झाला. पण तो प्रश्न वेगळा आहे. चोरीच्या पैशातून कोणी हॉस्पिटल बांधलं, म्हणून चोरीला देणगी म्हणत नाहीत.

'हे सगळं अमेरिकेचं, आपल्याला काय त्याचं?' असं वाटत असेल तर आपल्या बातम्या आठवा. 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपी पोपटासारखा बोलू लागला.' किती सहज वाचतो आपण हे! खाक्या म्हणजे काय, ते कोणीच विचारत नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली साधारणपणे कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, तरी बातमीत मात्र 'गुन्हा उघड'. आणि तो छळविरोधी करार? भारताने १९९७ मध्ये सही केली, पण पुढची अधिकृत मान्यता अजून दिलेली नाही.

म्हणून एक साधी टेस्ट सांगतो. पुढच्या वेळी 'कसून चौकशी', 'प्रसाद दिला', 'थर्ड डिग्री' असं काही वाचलंत, की करणाऱ्याचं नाव बदलून बघा. आपल्या माणसावर शत्रूच्या सैन्याने हेच केलं असतं, तर बातमीत कोणता शब्द आला असता? जो शब्द तेव्हा तोंडात येईल, तोच आत्ताही वापरा.

आज एवढंच. तुमच्या वाचनात असा एखादा गुळगुळीत शब्द आला असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!