श्रवण आणि संवाद
(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेत केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी मी आपणांपुढे नभोवाणीचा विषय काढावा, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु व्यासपीठावरील धर्मगुरू आणि नभोवाणीयंत्र या दोहोंत एक साम्य आहे : दोघेही बोलत राहतात, आणि श्रोत्यास मध्येच प्रश्न विचारण्याची सोय नसते. या उणिवेवर आपल्याच प्रांती एकदा जो उपाय योजण्यात आला, तो आपणांसही बोधप्रद आहे.

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने, युनेस्कोच्या साह्याने, तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठीभाषी जिल्ह्यांतील सुमारे १५० खेड्यांत श्रोत्यांची मंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे, असे एकंदर २० कार्यक्रम झाले. शेती, आरोग्य, साक्षरता, गावचा कारभार असे नित्याच्या जीवनातील विषय त्यांत असत. पंधरा-वीस ग्रामस्थ एकत्र बसून ऐकत, आणि यंत्र बंद झाले म्हणजे खरे काम सुरू होई. चर्चा चाले, मतभेद होत; काय ठरले व कोणत्या शंका उरल्या, हे लिहून केंद्राकडे धाडले जाई आणि शंकांची उत्तरे पुढे नभोवाणीवरून मिळत. ऐका, चर्चा करा, कृती करा, हे त्या योजनेचे सूत्र होते.

टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल नॉयराथ या पंडितांनी प्रयोगाची पाहणी केली. जेथे मंडळे होती, तेथील लोकांच्या ज्ञानात मोठी भर पडली. जेथे यंत्र होते परंतु मंडळ नव्हते, तेथे ती अल्पच पडली. वाणी तीच होती. फरक पडला तो संवादाने.

हे वाचताना एक प्रसंग आठवून मला लाज वाटली. काही वर्षांपूर्वी चर्चच्या आवारातील जुनी विहीर बुजविण्याचा बेत मी सभेपुढे मांडला. एक वृद्ध विधवा उठून म्हणाली, ''फादर, एक विचारू का?'' मी उत्तरलो, ''मावशी, ते नंतर पाहू.'' ते 'नंतर' कधी आलेच नाही. विहीर बुजली. पुढील उन्हाळ्यात नळाचे पाणी तुटले, तेव्हा मावशींचा प्रश्न कोणता होता, हे मला कोणी न सांगताच उमगले.

१९५१ साली परमगुरुस्वामी बारावे पायस यांनी गाब्रिएल देवदूतास दूरसंदेशवहनाचा आश्रयदाता नेमले. त्या दूताने केवळ निरोप सांगून पाठ फिरविली नाही. हे कसे घडेल, असे मरियेने विचारले तेव्हा त्याने उत्तर दिले आणि तिचा होकार ऐकूनच तो परतला. स्वर्गीचा दूत जेथे एका ग्रामकन्येच्या प्रश्नापाशी थांबला, तेथे मजसारख्या सेवकाने घाई का करावी?

यास्तव महोत्सववर्षाचा माझा संकल्प असा : प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी, मिस्सानंतर अर्धा तास आपण सर्वांनी बोलावे आणि मी ऐकावे. त्या मावशी आज येथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. पहिला प्रश्न त्यांचा.

परमेश्वर आपणांस बोलण्याचे धैर्य देवो, आणि मला ऐकण्याची नम्रता देवो. आमेन.