पाठीवर सॅक, आधी नाणेघाट



प्रमुख पाहुण्याने किती बोलावं हे पडद्यामागे मेकअप करून ताटकळणाऱ्या पोरांकडे बघून ठरवावं. म्हणून एकाच विषयावर बोलतो: हिंडणं.

मुलामुलींनो, परदेशातली तुमच्याच वयाची पोरं पाठीवर सॅक टाकून महिना महिना भारत फिरतात. जुन्या परंपरा आणि नवी शहरं एकाच देशात बघायला मिळतात, असं ऐकून ती येतात. आपण काय करतो? गाडी भाड्याने घेतो, डबे भरतो, संध्याकाळी घरी. नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो तुमच्यापेक्षा जास्त हिंडलेला असतो, राग मानू नका.

आणि हे हिंडणं आपल्याला नवं नाही. इथून घाटघरला जा आणि नाणेघाटाच्या तोंडाशी उभे राहा. कल्याणच्या बंदरातला माल याच वाटेने वर चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. थोडं खाली गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे: गाई, घोडे, कार्षापण नाणी, सगळं आकड्यांसकट. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या फुटून गेल्या, पायांच्या खुणा आणि वरची नावं तेवढी उरली. ती नावं नीट बघून या. आणि कृपा करून त्यांच्या शेजारी आपलं नाव कोरू नका!

जुन्नरच्या लेण्यांत यवनांचे, म्हणजे त्या काळच्या ग्रीकांचे, लेख आहेत. त्यांतल्या इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढ्या, म्हणजे टाक्या, दान दिल्या. चिट नावाच्या दुसऱ्याने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. परमुलखातून आलेली माणसं इथे रमली आणि भिक्षूंच्या पाण्याची, जेवणाची सोय करून गेली. आता त्याच तालुक्यात खोडदला जा. रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या मोठमोठ्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. अशा एकूण ३०, त्यांतल्या कित्येक आसपासच्या शिवारांत विखुरलेल्या. एकीकडे दोन हजार वर्षांपूर्वीची जकात, दुसरीकडे दूरच्या ताऱ्यांच्या रेडिओलहरी, आणि मधे आपला कांदा. परदेशी पाहुणे जो देश शोधत येतात तो तुमच्या एसटीच्या खिडकीतून दिसतो.

आंबेगावच्या पश्चिमेकडून आलेल्या मुलांना घाटवाटांचं वेगळं सांगायला नको. आहुपे घाट उतरलात की खोपिवली, पुढे म्हसा, मुरबाड. ती वाट तुमच्या आजोबांना विचारा.

पुस्तक हवं असेल तर विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ वाचा. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी. घरात कर्ज, म्हणून दक्षिणा मिळवायला १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा आतून पाहिला, लुटले गेले. तरी परतताना गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावरून घरी आणली. पुस्तक छापलं गेलं १९०७ साली. सगळ्या प्रवासात ना नकाशा, ना फोन. माझ्या मते मराठीतला पहिल्या प्रतीचा भटक्या तो.

मग जायचं कुठे? आधी आपला जिल्हा, मग राज्य. एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ योजना आहे, चार किंवा सात दिवसांचा पास मिळतो. त्यानंतर हिंमत करून तंजावरला जा. पुण्याहून रेल्वेने चेन्नई, तिथे दिवसभर मेट्रोने शहर बघा, रात्री तंजावरची गाडी धरा. राजराज चोळाने हजार वर्षांपूर्वी बांधलेलं बृहदीश्वराचं देऊळ, आणि त्याच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास, चक्क मराठीत, १८०३ साली कोरलेला. शिवनेरीवर जन्मलेल्या राजाच्या सावत्र भावाने, व्यंकोजीराजांनी, तिथे राज्य उभं केलं. भोवती सगळे तमिळ बोलताहेत आणि दगडावरचं मराठी तुम्ही वाचताय, ही गंमत पुण्याच्या मॉलमध्ये मिळणार नाही.

सॅक एवढीच भरा की धावत जाऊन एसटी पकडता आली पाहिजे. दोन जोड कपडे, चादर, बॅटरी, ओळखपत्र, एक वही. पैसे दोन ठिकाणी ठेवा. पहिल्यांदा जोडीने जा. मुक्काम कुठे हे घरी रोज कळवा. रील नंतर टाका, आधी गावातल्या माणसाशी बोला. चहा तोच पाजेल.

आता पालकांना एक विनंती, मुलींच्या पालकांना जास्तच. मे महिन्यात पोरगी सॅक घेऊन समोर उभी राहिली तर कुठे चाललीस, कुणाबरोबर, कधी येणार, हे जरूर विचारा. तिने नीट उत्तरं दिली की मात्र अडवू नका. पोरग्याला इतके प्रश्न विचारत नसाल तर त्यालाही विचारायला लागा.

बक्षीस समारंभ अजून व्हायचा आहे आणि प्राचार्य सर घड्याळ बघताहेत.