टाइल फोडायच्या आधी हे करा

खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, "तुमच्या बाथरूममुळे आमचं छत ओलं झालंय." प्लंबर येऊन म्हणतो, "सगळी टाइल काढावी लागेल." थांबा! आधी मी सांगतो ते करा.

पहिलं, घराला वेगळा मीटर असेल तर सगळे नळ बंद करून त्याचा फोटो काढा. तासाभराने परत काढा. आकडा सरकला, म्हणजे पाणी कुठेतरी जातंय.

दुसरं, फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाका आणि 20 मिनिटं फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला, तर टाकीतलं रबर गेलंय.

तिसरं, काकूंच्या परवानगीने छतावरच्या डागाभोवती पेन्सिलने रेघ मारा, तारीख लिहा. बाथरूम 3-4 दिवस वापरू नका, व्हॉल्व्ह मात्र चालू ठेवा. तरी डाग वाढला, तर संशय पाण्याच्या पाइपवर. सुकायला लागला, तर नहाणी ट्रॅप, ड्रेनेज किंवा टाइलचे सांधे तपासा. फक्त पावसाळ्यात येतो? मग आधी बाहेरची भिंत बघा.

रेघ आणि तारखा काकूंनाही दिसतात, त्यामुळे भांडण कमी होतं. प्लंबरलाही नेमकं कुठे फोडायचं ते कळतं.

चला, भेटू पुढच्या भागात!