गेममधलं दुकान आणि आपल्या बाजारातलं दुकान

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी सांगितलं होतं की प्रत्येकानं आपापल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायचं. माझ्या आधी बोललेल्यांत कुणी बँकेत आहे, कुणी घोलवडला चिकूची वाडी सांभाळतंय, कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतंय. माझं काम सांगितलं की घरचेही हसतात. मी पुण्यात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे आणि तिथं माझ्याकडे दुकान आहे. म्हणजे गेममधलं दुकान. कोणती वस्तू कितीला विकायची, खेळणाऱ्यानं ती परत आणली तर कितीला घ्यायची, हे मी ठरवतो. तलासरीत बाबांच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा मुलगा शेवटी दुकानातच बसला, असं समजा.

ज्यांनी असे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी, विशेषतः सर आणि बाईंसाठी, थोडं सांगतो. या खेळांत आपण एक पात्र घेऊन गावोगाव हिंडतो, राक्षसांशी लढतो आणि मिळालेल्या नाण्यांतून गावातल्या दुकानात औषध, ढाल, तलवार घेतो. या प्रकाराला वळण दिलं ते १९८६ साली जपानमध्ये आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’नं. त्यात सुरुवातीला राजा १२० नाणी देतो. दुकानात बांबूची काठी १० ला, सोटा ६० ला, साधे कपडे २० ला, औषधी पाला २४ ला आणि तांब्याची तलवार १८० ला. तलवार परवडतच नाही. सोटा, कपडे आणि एक पाला घेतला की १०४ संपली. उरलेल्या १६ मध्ये ८ ची एक मशाल घेऊन अंधाऱ्या गुहेत शिरायचं. खेळ खरा सुरू होतो तो लढाईत नाही, या हिशेबात.

आपल्या भागातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरते तेव्हा घरोघरची माणसं तिथून सुकट, बोंबील, कांदे, मिरची-मसाला भरून आणतात. ही आगोट. एकदा पाऊस लागला आणि ओहोळ भरले की पाड्यावरून बाजार गाठणं अवघड, म्हणून चार महिन्यांचा विचार आधीच करायचा. पिशवीत किती मावेल, पैसे किती, आणि पुढे काय वाढून ठेवलंय. ‘पोकेमॉन’च्या पहिल्या गेममध्ये पिशवीत वीसच प्रकारच्या वस्तू मावतात. आपल्या आयांना तो गेम पहिल्याच दिवशी जमला असता.

आता दुकानाची दुसरी बाजू. ‘पोकेमॉन’च्या त्या जुन्या गेममध्ये औषधाची बाटली ३०० ला मिळते. तीच बाटली त्याच दुकानदाराला लगेच परत दिली तर तो १५० देतो. ‘फायनल फँटसी’ मालिकेतही विकताना साधारण निम्मेच मिळतात. याचं कारण आहे. गेममध्ये राक्षस संपत नाहीत, म्हणजे पैसाही संपत नाही. तो काढून घेणारं कुणी नसेल तर थोड्याच वेळात प्रत्येकाच्या खिशात लाखो नाणी होतील आणि कशालाच किंमत उरणार नाही. दुकान हा त्या टाकीचा खालचा नळ. तो किती उघडा ठेवायचा, हे माझं रोजचं काम.

दहावीच्या वर्षी आपण काही जण डहाणू रोड स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे वाटून घेऊन पोकेमॉन खेळायचो. वसतिगृहातला आपला एक मित्र मागे उभा राहून बघायचा. एकदा लढाई सोडून तो दुकानाकडेच बघत राहिला आणि म्हणाला, “इथं भाव आधीच लिहिलाय, बघ. आणि सगळ्यांना तोच.” त्या वेळी मला त्यात विशेष वाटलं नाही. पण त्याच्या घरी मोहाची फुलं, डिंक, शेवळं विकायला आणायचे. विकतानाचा भाव समोरचा सांगणार, घेतानाचा भावही समोरचाच सांगणार, आणि मापही त्याचंच. त्याला त्या पडद्यावर जे दिसलं ते मला दिसणं शक्यच नव्हतं, कारण मी मापाच्या या बाजूला वाढलो होतो.

आपल्या मातीत ही गोष्ट फार जुनी आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणूस सावकाराकडे राबत राहायचा, त्याला लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावात वारल्यांची परिषद झाली आणि वेठबिगार करायची नाही असं ठरलं. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हे लिहून ठेवलंय. पुढे १९७६ साली आदिवासींचा शेतमाल आणि वनोपज व्यापाऱ्याऐवजी सरकारी यंत्रणेनं घ्यावं म्हणून राज्यात कायदाही झाला. घेणारा आणि विकणारा एकच असला की निम्म्या भावाचा नियम खेळ राहत नाही.

पण दुकानदाराचा मुलगा म्हणून दुसरी गोष्टही सांगायला हवी. गेममधला दुकानदार उधार देत नाही. एक नाणं कमी असलं तरी तो तेच वाक्य पुन्हा बोलतो. बाबांच्या दुकानात श्रावणात उधारीची वही जाड व्हायची आणि भात झोडून झालं की पातळ. कोण आजारी आहे, कुणाच्या घरी बाळंतपण आहे, हे त्या वहीवरून कळायचं. बाबा म्हणायचे, “गिऱ्हाईक पुढच्या वर्षीही आलं पाहिजे, एवढा भाव लाव.” २००७ साली जपानमध्ये ‘रेसेटिअर’ नावाचा गेम आला. त्यात वडिलांचं कर्ज फेडण्यासाठी एक मुलगी वस्तूंचं दुकान चालवते. गिऱ्हाइकाला फार ताणलं की ते निघून जातं. तो खेळताना मला सारखे बाबा आठवले.

हे आज सांगण्याचं कारण असं, की गेममधलं दुकान बदललं आहे. पूर्वी तिथं खेळातली नाणी चालायची. आता मोबाइलवरच्या पुष्कळ गेममध्ये तलवार, पोशाख, बंद पेटी खऱ्या रुपयांना मिळते. पेटीत काय निघेल हे आधी कळत नाही. आधी रुपयांचे हिरे किंवा नाणी घ्यायला लावतात, म्हणजे नेमके किती रुपये गेले हे मुलाच्या लक्षात येत नाही. ८० हिऱ्यांची वस्तू आणि हिरे मात्र १०० च्या पुडीत, हे मुद्दाम केलेलं असतं. उरलेले २० पुन्हा दुकानात ओढतात. बंद पेट्यांच्या एका प्रकारावर जपाननं २०१२ साली बंदी आणली, बेल्जियमनं २०१८ मध्ये अशा पेट्या जुगारात धरल्या. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा झाला, पण त्याचा रोख पैसे जिंकण्याच्या आशेवर आहे. पोशाख विकणारं दुकान घराघरांतल्या फोनवर उघडंच आहे.

आमच्या बैठकीत असा प्रस्ताव आला की मी तीन प्रश्न विचारतो. भाव रुपयांत लिहिलाय का? आत काय आहे ते घेण्याआधी दिसतं का? हे गिऱ्हाईक पुढच्या वर्षी आनंदानं परत येईल का? प्रत्येक वेळी माझं ऐकलं जातं असं नाही. पण एका गेममधून बंद पेटी काढून त्या जागी भाव लिहिलेलं साधं दुकान आलं, त्याचं मला समाधान आहे.

तुमच्याकडे मागणं एवढंच. मुलांच्या हातातून फोन हिसकावू नका. एकदा शेजारी बसून “तुझ्या गेममधलं दुकान दाखव” म्हणा. यूपीआयचा पिन मात्र आपल्याजवळ ठेवा. आणि मुख्याध्यापकांची परवानगी असेल तर दरवर्षी मे महिन्यात दोन दिवस मी शाळेत येईन. राजाची १२० नाणी, दुकानाची पाटी आणि अंधारी गुहा, एवढ्यावर नफा-तोटा आणि शेकडेवारी शिकवता येते. वसतिगृहातल्या मुलांना आधी बसवू. दुकानाचा हिशेब त्यांच्या हाती आधी यायला हवा.

आपल्या शाळेनं मला वजाबाकी शिकवली, बाबांनी ती कधी करायची नाही हे शिकवलं. दोघांचाही ऋणी आहे.